१७ सप्टेंबर : परभणी, फिलाडेल्फिया आणि संमतीचा प्रश्न

१/
१७ सप्टेंबर ही तारीख मराठवाड्यातील प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. १९४८ साली याच दिवशी हैदराबादच्या निजामाने भारतीय सैन्यापुढे हार मान्य केली आणि परभणीसह मराठवाड्याचे पाच जिल्हे निजामी राजवटीतून मुक्त झाले. याच तारखेला, बरोबर १६१ वर्षे आधी, १७८७ साली, फिलाडेल्फिया शहरात ३९ प्रतिनिधींनी एका दस्तऐवजावर सह्या केल्या होत्या. तो दस्तऐवज म्हणजे अमेरिकेची राज्यघटना.

२/
तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे. परंतु दोन्ही घटनांच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे : राज्य करणाऱ्याला तो अधिकार कोणी दिला? अमेरिकेची शासनव्यवस्था कशी चालते हे समजून घेण्यासाठी परभणीचा इतिहास उपयोगी पडतो. आणि परभणीला काय मिळाले, काय मिळायचे राहिले, हे समजण्यासाठी अमेरिकेची राज्यघटना शेजारी ठेवून पाहणे उपयोगी ठरते. हा धागा त्या तुलनेचा.

३/
आरंभ निजामी परभणीपासून. सालारजंगांच्या सुधारणांत, १८६५च्या जिल्हाबंदीनंतर, हैदराबाद संस्थानात आधुनिक धर्तीची जिल्हा प्रशासनव्यवस्था उभी राहिली. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार, म्हणजे आजचा जिल्हाधिकारी. त्याच्यावर विभागाचा सुभेदार, खाली तहसीलदार. रयतेची भाषा प्रामुख्याने मराठी, कचेरीची आणि कोर्टाची उर्दू, कालगणना फसली सनाची. ही साखळी वर जाऊन हैदराबादच्या हुजुरांपाशी संपत असे आणि हुजुरांचा शब्द म्हणजे फर्मान.

४/
अमेरिकन घटनेची पहिली तीन कलमे याच्या नेमकी उलट बाजूने सुरू होतात. पहिले कलम कायदे करणाऱ्या काँग्रेसचे, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन सभागृहांचे. दुसरे कलम कायदे अमलात आणणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचे. तिसरे न्यायालयांचे. एकाच हाती तिन्ही सत्ता आल्या की जुलूम आलाच, हा माँटेस्क्यूचा विचार जेम्स मॅडिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णपणे पचवला होता.

५/
मात्र सत्ता नुसत्या वेगळ्या करून भागत नाही, त्यांना एकमेकींचा लगाम असावा लागतो. काँग्रेसने मंजूर केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतो. काँग्रेसची दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश बहुमताने तो नकार मोडून काढू शकतात. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो, पण सिनेटच्या संमतीनेच. राष्ट्राध्यक्षावर प्रतिनिधिगृह महाभियोग लावते आणि त्याची सुनावणी सिनेटपुढे होते. यात कोणाचाही शब्द अखेरचा राहू नये, अशी ही योजना.

६/
येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवायला हवी. हैदराबादेत संस्था नव्हत्याच, असे नाही. १८९३ पासून कायदे कौन्सिलची योजना होती. १९१९ मध्ये कार्यकारी मंडळ आले. १९२०च्या दशकाच्या आरंभी न्यायखाते आणि महसुली प्रशासन वेगळे करण्यात आले, आणि या बाबतीत संस्थान ब्रिटिश हिंदुस्थानातील अनेक प्रांतांच्या पुढे होते. म्हणजे सत्ताविभाजन कागदावर आले होते.

७/
उणीव होती ती लगामाची. कौन्सिल, कार्यकारी मंडळ आणि न्यायालय या तिन्ही वाटा एकाच दरवाजापाशी जात होत्या. फर्मानाने दिलेली संस्था फर्मानाने काढून घेता येत असे. फिलाडेल्फियाच्या घटनेची सुरुवात ‘आम्ही लोक’ या कर्त्याने होते. हैदराबादच्या प्रत्येक सुधारणेचा कर्ता निजाम होता. व्याकरणातला हा फरक परभणीच्या रयतेला रोजच्या जगण्यात जाणवत होता.

८/
तो कसा, याचे उदाहरण म्हणजे ‘गश्ती निशान ५३’. या परिपत्रकाने सभा-संमेलनांसाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली. अमेरिकन घटनेला १७९१ मध्ये जोडलेल्या पहिल्या दुरुस्तीने, लोकांनी शांततेने एकत्र जमण्याच्या हक्काचा संकोच करणारा कायदा करण्यास काँग्रेसला मनाई केली. एकीकडे जमावे लागे ते सरकारच्या मेहेरबानीने, तर दुसरीकडे जमण्यात आडकाठी आणायचीच तर सरकारच घटनेबाहेर जाई.

९/
अशा वातावरणात १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे भरले. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. मराठवाड्यातील मराठी भाषकांचे हे पहिले संघटित राजकीय व्यासपीठ. भाषा नेमस्त होती, मागण्या मर्यादित होत्या. पण ‘जबाबदार राज्यपद्धती’ हा शब्द आता मराठवाड्याच्या चर्चेत आला होता.

१०/
पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली. सत्याग्रह झाला, अनेकांनी तुरुंगवास भोगला. स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे सर्वमान्य नेते झाले. सरकारने अरवमुदु अय्यंगार समितीच्या शिफारशींवर आधारित सुधारणा १९३९ मध्ये जाहीर केल्या. त्यांत प्रतिनिधित्व प्रदेशानुसार नव्हते, व्यवसाय आणि हितसंबंध यांनुसार होते. सरकार विधिमंडळाला जबाबदारही नव्हते. १९४६ मध्ये या योजनेनुसार निवडणुका झाल्या तेव्हा स्टेट काँग्रेसने त्यांवर बहिष्कार घातला.

११/
बहिष्काराचे कारण समजून घेण्याजोगे आहे. निवडून आलेला प्रतिनिधी सरकार बदलू शकत नसेल, तर निवडणूक म्हणजे केवळ अर्ज करण्याची दुसरी रीत. अमेरिकन वसाहतींचीही तक्रार याच जातीची होती. इंग्लंडची पार्लमेंट कर लादते, पण त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा प्रतिनिधी नाही. त्या तक्रारीतून १७७६चे स्वातंत्र्य आणि ११ वर्षांनी फिलाडेल्फियाची घटना आली.

१२/
जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी दोन्हींपैकी कोणत्याही देशात सामील न होण्याचा मनोदय जाहीर केला. नोव्हेंबरमध्ये भारताशी ‘जैसे थे’ करार झाला. रझाकारांचा उच्छाद वाढला, गावे सीमेपलीकडच्या छावण्यांकडे सरकू लागली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने हार मानली. या कारवाईनंतर संस्थानच्या अनेक भागांत निरपराध मुस्लिमांवर जो हिंसाचार झाला, तोही याच इतिहासाचा भाग आहे. त्याची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांचे पथक आले होते.

१३/
मुक्तीनंतर लगेच लोकशाही आली नाही. आधी आले लष्करी प्रशासन, मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचे. त्यानंतर १९५० मध्ये एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. निवडून आलेले मंत्रिमंडळ अधिकारावर आले ते मार्च १९५२ मध्ये, बुर्गुल रामकृष्ण राव यांच्या नेतृत्वाखाली. मधल्या साडेतीन वर्षांत परभणीचा नागरिक मुक्त होता, पण मतदार नव्हता.

१४/
अमेरिकेने अशा मधल्या अवस्थेसाठी नियम केला होता. १७८७च्या वायव्य प्रदेश अध्यादेशानुसार नव्या प्रदेशावर आधी नेमलेला गव्हर्नर. स्वतंत्र प्रौढ पुरुषांची संख्या ५,००० झाली की निवडलेले विधिमंडळ. स्वतंत्र रहिवासी ६०,००० झाले की इतर राज्यांच्या बरोबरीने पूर्ण राज्य. नियम न्याय्य दिसतो, व्यवहार नेहमीच तसा नव्हता. हवाई बेटांवरील राजसत्ता १८९३ मध्ये उलथवली गेली, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली आणि त्यांना राज्याचा दर्जा मिळाला थेट १९५९ मध्ये. त्या मानाने मराठवाड्याची प्रतीक्षा फार थोडी ठरते.

१५/
याच काळात दिल्लीत राज्यघटना लिहिली जात होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्त झाल्यावर सात आठवड्यांच्या आत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीपुढे मसुदा मांडला. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी त्या भाषणात अमेरिकन पद्धतीशी सविस्तर तुलना केली. अध्यक्षीय पद्धतीत सरकार अधिक स्थिर असते, संसदीय पद्धतीत ते अधिक जबाबदार असते, आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अग्रक्रम दिला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१६/
हा फरक नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचा सदस्य नसतो. त्याची मुदत चार वर्षांची. काँग्रेसचे बहुमत त्याच्या विरोधात गेले तरी खुर्ची जात नाही. त्याची निवड राज्यवार निर्वाचक करतात : एकूण ५३८, विजयासाठी २७०. भारतात पंतप्रधान वा मुख्यमंत्री सभागृहातून येतो आणि विश्वास गमावताच जातो. ज्या प्रदेशाने ‘जबाबदार राज्यपद्धती’साठी तुरुंगवास सोसला होता, त्याला दुसऱ्या पद्धतीचे मोल सांगण्याची गरज नव्हती.

१७/
परंतु बाबासाहेबांचे ते भाषण ऐकायला परभणीचा प्रतिनिधी सभागृहात नव्हता. घटना समितीच्या चर्चांत हैदराबादच्या वाट्याच्या जागा रिकाम्याच राहिल्या. अखेर २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना हैदराबादसाठी स्वीकारली. फर्मानांची राजवट संपवणारी घटना परभणीला लागू झाली तीही एका फर्मानानेच!

१८/
अमेरिकेतही असे एक राज्य होते. ऱ्होड आयलंडने फिलाडेल्फियाला एकही प्रतिनिधी पाठवला नाही. पण त्या राज्यावर घटना कोणी परस्पर लादली नाही. तेथील लोकांनी निवडलेली परिषद भरली, वाद झाला आणि मे १७९० मध्ये ३४ विरुद्ध ३२ अशा मतांनी मान्यता देण्यात आली. फक्त दोन मतांचे अंतर. पण संमती त्यांची स्वतःची होती. परभणीची संमती निजामाच्या सहीने गृहीत धरली गेली.

१९/
आणखी एक विसंगती. २६ जानेवारी १९५० पासून निजाम हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. अमेरिकन घटनेच्या चौथ्या कलमात प्रत्येक राज्याला प्रजासत्ताक शासनाची हमी आहे. तेथे एखाद्या राजाला राज्याच्या प्रमुखपदी बसवणे कल्पनेपलीकडचे होते. भारताने ही तडजोड केली. संस्थाने रक्तपाताशिवाय सामावून घेण्याच्या धोरणाची ती किंमत होती. मात्र राजप्रमुखांना आता मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे लागे.

२०/
फर्मानाने गृहीत धरलेली संमती लोकांनी प्रत्यक्ष दिली ती पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. २१ वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक स्त्री-पुरुष मतदार. शिक्षणाची अट नाही, मालमत्तेची नाही, जातीची नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह, म्हणजे अक्षर न ओळखणाऱ्यालाही आपली पेटी ओळखता यावी. परभणीने लोकसभेवर पाठवले ते शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना. देशभर काँग्रेसची लाट असताना परभणीने विरोधी पक्षाला कौल दिला.

२१/
हे अमेरिकेशी ताडून पाहिल्यावर त्याची थोरवी कळते. १७८७च्या घटनेने मतदार कोण हे राज्यांवर सोपवले आणि प्रतिनिधींच्या गणतीत गुलामांना तीन-पंचमांश माणूस धरले. वर्णावरून मत नाकारू नये, ही दुरुस्ती १८७० मध्ये आली. स्त्रियांसाठीची १९२० मध्ये. तरीही दक्षिणेतील राज्ये साक्षरतेच्या परीक्षा घेऊन कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखत राहिली, ते १९६५चा मताधिकार कायदा येईपर्यंत. तेथे निरक्षरता हे मत नाकारण्याचे हत्यार झाले होते. परभणीत निरक्षर माणसासाठी पेटीवर चिन्ह लावले गेले.

२२/
पुढचा टप्पा सीमांचा. डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. बारा वर्षांत परभणीने संस्थान, हैदराबाद राज्य, द्विभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र अशी चार छत्रे पाहिली, तीही गाव न सोडता.

२३/
अमेरिकेत हे घडू शकले असते का? सहजासहजी नाही. तेथील घटनेच्या चौथ्या कलमानुसार एखाद्या राज्यातून नवे राज्य काढायचे, तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. १७९२ मध्ये केंटकी व्हर्जिनियाच्या संमतीने झाले, १८२० मध्ये मेन मॅसॅच्युसेट्सच्या संमतीने. यादवी युद्धाच्या काळात, १८६३ मध्ये, वेस्ट व्हर्जिनिया वेगळे झाले. तेव्हाही संघराज्याशी एकनिष्ठ असलेले व्हर्जिनियाचे एक ‘पुनःस्थापित’ सरकार मान्य करून त्याची संमती कागदावर आणावी लागली. टेक्सास विरुद्ध व्हाइट या १८६९च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संघराज्य आणि त्यातील राज्ये दोन्ही अविनाशी असल्याचे म्हटले.

२४/
भारतीय घटनेचा अनुच्छेद ३ वेगळा आहे. संसद साध्या बहुमताने नवे राज्य निर्माण करू शकते, सीमा बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. याचा ठळक दाखला पुन्हा हैदराबादचाच. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले, आणि तरीही २ जून २०१४ रोजी तेलंगण अस्तित्वात आले. भारतात संघराज्य अविनाशी आहे. राज्ये तशी नाहीत.

२५/
मग अमेरिकेची पद्धत अधिक लोकशाहीवादी म्हणायची का? उत्तर वाटते तितके सोपे नाही. सध्याच्या राज्याला नकाराधिकार दिला, की त्या राज्यात अल्पसंख्य असलेल्या भागाची सुटका बहुसंख्य भागाच्या मर्जीवर अवलंबून राहते. हैदराबाद राज्यात मराठी जिल्हे अल्पसंख्य होते. अमेरिकन नियम लागू असता, तर मराठवाड्याला बाहेर पडण्यासाठी अशा विधानसभेची संमती लागली असती, जिच्यात त्याचे बहुमत कधीच होणार नव्हते. निजामाने जोडलेल्या सीमा लोकशाहीच्या नावाने कायम राहू शकल्या असत्या.

२६/
अमेरिकेत राज्यांच्या रक्षणासाठी सिनेट आहे. प्रत्येक राज्याला दोन जागा. जेमतेम पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगला दोन आणि सुमारे चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. भारतात राज्यसभेच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणाशी जोडलेल्या आहेत : महाराष्ट्राला १९, गोव्याला एक. परंतु राज्याच्या आत मागे पडलेल्या विभागाचे काय? येथे अमेरिकन घटना मौन पाळते. इतकेच नव्हे, १९६४ च्या रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स खटल्याने राज्यांच्या दोन्ही सभागृहांतील जागा लोकसंख्येनुसारच असाव्यात, असे ठरवले.

२७/
महाराष्ट्रापुढे नेमका हाच प्रश्न होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला निधी, शिक्षण आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा देण्याचे वचन होते. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाला, हे आजही अभिमानाने सांगितले जाते. पण घटनेत मात्र वचन लिहिले गेले. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) आला : स्वतंत्र विकास मंडळे, त्यांच्या कामाचा दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल, विकासखर्चाचे समन्यायी वाटप, आणि तंत्रशिक्षण व नोकऱ्यांच्या पुरेशा संधी. या गोष्टींची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात.

२८/
वचन आणि अंमल यांत ३८ वर्षे गेली. दरम्यान परभणीत १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ आले, जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्यात आला. तरी अनुशेष वाढतच होता. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटले. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने पुढच्या वर्षी विभागवार अनुशेष मोजून मांडला. विकास मंडळे स्थापन झाली ती १९९४ मध्ये. २००१ मध्ये राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निधिवाटपाबाबत निर्देश दिले. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. तेव्हापासून त्यांच्या पुनरुज्जीवनाची मागणी सातत्याने होत आली आहे.

२९/
या व्यवस्थेत एक पेच आहे. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोक निवडतात; भारतात राज्यपाल नेमला जातो. म्हणजे मागास विभागाच्या न्यायाची जबाबदारी अशा पदावर आहे, ज्याला त्या विभागातील एकही मतदार जाब विचारू शकत नाही. आणि विधानसभेला जबाबदार असलेल्या सरकारवर नेमलेल्या पदाने निर्देश काढावेत का, हा आक्षेपही गंभीर आहे. जबाबदार राज्यपद्धतीसाठी लढलेल्या प्रदेशाचे संरक्षण बिनजबाबदार पदाकडे सोपवले गेले, हे विसरता येत नाही.

३०/
न्यायालयाची वाटही अशीच लांबची होती. १९५६ नंतर परभणीच्या पक्षकाराचे उच्च न्यायालय हैदराबादऐवजी मुंबईत आले. औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले १९८१ मध्ये. अमेरिकेत कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार घटनेत स्पष्ट लिहिलेला नव्हता, तो १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यातून प्रस्थापित झाला. भारताने तो अनुच्छेद १३, ३२ आणि २२६ मध्ये आधीच लिहून ठेवला. पण लिहिलेला हक्क मागायला जायचे अंतर परवडले पाहिजे, तरच तो हक्क.

३१/
१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोरील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापुढे असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. शहर रस्त्यावर उतरले, हिंसाचार झाला, पोलिसांनी अनेकांना ताब्यात घेतले. अटकेतील एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला आणि त्याच्या आईने दाद मागितली ती औरंगाबाद खंडपीठापुढे. जिच्या मसुद्यावर परभणीचा एकही प्रतिनिधी बोलला नव्हता, ती राज्यघटना आता परभणीकरांची स्वतःची झाली होती. तिच्या अपमानाचा संतापही त्यांचा, आणि शासनाला जाब विचारण्यासाठी आधारही तिचाच.

३२/
दरवर्षी १७ सप्टेंबरला परभणीत ध्वजवंदन होते. त्याला येणारा मंत्री विधानसभेला जबाबदार असतो आणि विधानसभा समोर उभ्या असलेल्या माणसांना. अव्वल तालुकदाराच्या काळात यातले काहीच नव्हते. तीच माणसे अनुच्छेद ३७१(२)चे काय झाले, असेही विचारू शकतात. फिलाडेल्फियात सह्या झाल्या तेव्हा गुलाम आणि स्त्रिया त्या ‘आम्ही लोक’मध्ये नव्हत्या, ते शब्द खरे करायला तेथे पावणेदोनशे वर्षे लागली. मराठवाड्याला दिलेल्या वचनाला १ नोव्हेंबर २०२६ रोजी सत्तर वर्षे होतात.